दातांच्या डॉक्टरची आई

नंदनवन, नागपूर
१२ जानेवारी २०२५

अश्विन,

जय भीम. त्याच्याआधी ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे, पण तेवढं प्रेम सध्या माझ्याकडे शिल्लक नाही आणि उसनं आणून लिहिणं मला जमत नाही.

पत्र बघून हसशील. हसून घे. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आता तीन वर्षं होतील. तुझ्या पुण्याच्या क्लिनिकमध्ये फोन केला की तिथली मुलगी गोड आवाजात विचारते, अपॉइंटमेंट हवी आहे का. मी सरांची बहीण बोलते म्हटलं की जरा गप्प होते आणि सांगते, सर पेशंटमध्ये आहेत. तीन वर्षं तू पेशंटमध्येच आहेस. मी इथे छापखान्यात दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिकांची प्रुफं तपासते, तेव्हा लिहिण्यावाचण्याची भीती नाही. पाकिटावर तुझ्या क्लिनिकचा पत्ता घालून पोस्टात टाकते.

कामाचं एवढंच की आईचं तोंड उघडत नाहीये.

म्हणजे उघडतं, पण दोन बोटं आत जातील इतकंच. केळ्याचे काप करून एकेक आत सारते. पोळी वरणात कुस्करून, वरण आणखी पातळ करून. दिवाळीनंतर भिवापूरहून माझ्याकडे राहायला आली तेव्हा आधी भलतंच दिसलं. मोरीत पाठमोरी उभी राहून ती भाजीतली वांग्याची फोड नळाखाली धरून धूत होती. धुवायची, पिळायची आणि मग खायची. ही भिवापूरची बाई, जिचा जन्म मिरच्या वाळवायच्या सातऱ्यावर गेला, ढिगाशी बसून मिरच्यांचे देठ खुडण्यात. आपण लहान असताना ठेचा तिखट लागतो म्हणून रडलो तर हिला हसू यायचं. मी विचारलं तर म्हणाली, “दाढ हालून राहिली वं.” दाढ हलते म्हणून कोणी भाजी धूत नाही, हे पत्रिका तपासणाऱ्या बाईलाही कळतं.

इथे एकांना दाखवलं आहे. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. पण तू दातांचा डॉक्टर आहेस, घरचा आहेस. एकदा येऊन बघून जा. मी तुझ्याशी भांडणार नाही. तुझ्या मेव्हण्याने, सुशीलने, तसं माझ्याकडून वदवून घेतलं आहे.

मी पत्र लिहिते आहे हे आईला माहीत नाही.

दामिनी


नंदनवन
३ फेब्रुवारी

अश्विन,

मागच्या पत्रात ‘घाबरण्यासारखं काही नाही’ लिहिलं, ते खोटं होतं. तेव्हाच गालाच्या आतून तुकडा काढून तपासायला पाठवला होता. वाटलं, नुसतं दाढ-बीढ म्हटलं तर तू येशील, मोठं नाव काढलं तर आणखी लांब पळशील. लहानपणी तू तसाच होतास. बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस मामाच्या घरून बाहेर निघाला नव्हतास.

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. गालातून जिभेकडे सरकला आहे. तुला त्या शब्दांचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून वेगळा कागद जोडला आहे. मला कळलं ते असं की ऑपरेशन करावं लागेल, आणि जीभ बरीचशी काढावी लागेल. मी सर्जनना विचारलं, बोलता येईल का. ते चांगले आहेत, त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि मग सांगितलं. आवाज निघेल, शब्द निघणार नाहीत.

म्हणजे आईचं बोलणं जाणार, अश्विन. मार्चच्या सुरुवातीला. त्याच्या आत ये आणि तिचं बोलणं ऐकून जा. माझं एवढंच मागणं आहे, दुसरं काही नाही.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची, ते तुला ठाऊक आहे. सातऱ्यावर सगळ्याच खातात. मिरचीच्या धुळीत गालात काही धरलेलं असलं की ठसका लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. तू तिला शिकवायला जाशील म्हणून आधीच सांगते, तुझ्या बीडीएसची पाच वर्षं त्या गालातल्या गोळीवरच निघाली आहेत.

तू विचारशील, तिकडे दातांची शिबिरं होत नाहीत का? होतात. आणि ती गावात नीट बसवली कोणी, ते ऐक.

मागल्या वर्षी एका ट्रस्टची गाडी भिवापुरात आली. आत खुर्ची, वर दिवा, सगळं गाडीतच. गाडी लावली देवळापुढे आणि नावं लिहायचं टेबल मांडलं सभामंडपात. तिथे सावली होती, पंखा होता, त्यांच्या मनात वाईट काही नसणार. आपल्या वस्तीतलं कोणी फिरकलं नाही. अडवलं कोणीच नव्हतं. पण छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरचं माणूस देवळाची पायरी चढत नाही, हे त्या बाहेरच्या पोरांना सांगणार कोण? संध्याकाळी गाडी बंद करताना ती पोरं म्हणाली, या वस्तीत जागृतीच नाही. आईने हे ऐकलं आणि रस्त्यावरूनच विचारलं, “दात दाखवायले देवळात काहून या लागते?”

पुढच्या खेपेला त्यांनी गाडी विहाराजवळ लावली. तर त्या दिवशी गावातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बाया आल्या नाहीत. आईला त्याचं हसू आलं, पण स्वस्थ बसली नाही. तिने ट्रस्टवाल्यांना सांगितलं की गाडी सातऱ्यावर आणा, तिथे सगळ्या जातीच्या बाया एकाच ढिगाशी बसतात. पहिल्या दिवशी डॉक्टरच इतके शिंकले की गाडी वाऱ्याच्या उलट बाजूला न्यावी लागली. सातऱ्यावरच्या नूर आपांनी पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडायचं नाही म्हटलं, तर आईने लेडी डॉक्टर मागितली. ती आली तेव्हा गाडीच्या दाराला पडदा नव्हता. आईने स्वतःचं लुगडं बांधलं. जंगलाकडच्या गोंड बाया शहरातल्या माणसाशी बोलायला लाजायच्या, त्यांच्या शेजारी ही जाऊन बसायची. कितीतरी बायांची तोंडं तपासून झाली, काहींचं वेळेत सापडलं, उपचार सुरू झाले.

तिथे एक प्रश्न सगळ्यांना विचारायचे. तिखट खाल्लं की तोंडात जळजळ होते का? या रोगाची पहिली खूण तीच असते म्हणे. आता भिवापूरच्या बाईला हे विचारल्यावर ती काय सांगणार? सगळ्या हसायच्या आणि नाही म्हणायच्या. मिरचीच्या गावात मला मिरची सोसत नाही हे चारचौघींत कोण कबूल करेल? आई सगळ्यांत मोठ्याने नाही म्हणत होती. त्याच दिवसांत ती घरी एकटी भाजी धूत होती, हे तिने इथे सर्जनपुढे कबूल केलं.

आणि ती स्वतः त्या खुर्चीवर बसली नाही. एकदाही नाही. काहून, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज माझ्याने होत नाही.

दामिनी


नंदनवन
२० फेब्रुवारी

अश्विन,

सुशीलच्या फोनवर तुझा मेसेज आला. मला नाही आला, सुशीलला आला, असू दे. ‘आईच्या तोंडाचे फोटो पाठवा. उजेडात, तीन बाजूंनी. स्कॅनही पाठवा.’ सुशील म्हणाला, निदान विचारलं तरी. तो स्वभावाने तुझा मेव्हणा कमी आणि वकील जास्त आहे.

स्कॅन पाठवले आहेत. फोटो मिळणार नाहीत. मी आईला गॅलरीत उजेडात बसवलं, फोन धरला, तर तिने पदर तोंडावर घेतला. म्हटलं, आई, अश्विनने मागितले आहेत. त्यावर ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत ऐक. “त्यानंच तं सांगतलं होतं, फोटोत तोंड बंद ठेवजो म्हणून.”

तिने रागाने म्हटलं नाही. तुझी आज्ञा आठवून सांगितली, एवढंच.

तू विसरला असशील. तुझ्या क्लिनिकचं उद्घाटन होतं. आई नवं पातळ नेसून नागपूरहून रात्रभर बसून आली होती. तुझ्या बायकोकडचे लोक, तुझे सर, फोटोवाला. आई तुझ्या बोर्डाखाली उभी राहून हसली आणि तू तिच्या कानाशी वाकलास. मी शेजारीच होते. तू हळू बोललास, प्रेमानेच बोललास, ते मी नाकारत नाही. आई, फोटोत तोंड बंद ठेव. तिने लगेच मिटलं. त्या फोटोत तुझ्या मागे चकचकीत दातांचं मोठं चित्र आहे आणि पुढे ओठ घट्ट मिटलेली आपली आई. परतीच्या गाडीत ती मला म्हणाली, त्याचं बरोबरच आहे, धंद्याची जागा आहे. मी तुला त्याच रात्री फोन करून बोलले ते बोलले, आणि तू माझा नंबर बंद केलास. त्यातला एकही शब्द मला आज मागे घ्यावासा वाटत नाही.

पण आईने काय केलं ते बघ. तिने ते फोटोपुरतं धरलं नाही. तिला वाटलं, डॉक्टरच्या आईने कुठेच तोंड उघडू नये.

शिबिरातली लेडी डॉक्टर म्हणजे तुमच्या वर्गातली दीप्ती. ती आता इथे घरी आईला भेटायला येते, तिनेच मला सांगितलं. सातऱ्यावर कोणीतरी म्हणालं, या अंजनाबाईंचा पोरगा दातांचा डॉक्टर आहे. दीप्तीने नाव विचारलं आणि खूश झाली. अय्या, तुम्ही अश्विनच्या आई! त्या क्षणापासून आईच्या तोंडावरचा पदर हटला नाही. दीप्ती दर खेपेला म्हणायची, काकू, आता तुम्ही बसा. आई दर खेपेला सांगायची, “माहा पोरगाच डॉक्टर आहे नं. तोच पाहते. मागच्या महिन्यात तं पाहून गेला.” दीप्तीला ते खरं वाटलं. कोणालाही वाटलं असतं. ज्या बाईचा पोरगा दातांचा डॉक्टर, तिच्या तोंडाची काळजी दुसऱ्याने कशाला करावी?

आईला भीती होती की हे काळे दात दीप्तीने बघितले तर ते पुण्यापर्यंत जाईल आणि तुझं नाक कापलं जाईल. त्या बायांत कोणाचाच पोरगा डॉक्टर नव्हता, म्हणून त्या सगळ्या खुर्चीवर बसल्या. आपलीच तेवढी राहिली.

दीप्ती हे सांगताना रडली. मला रडू आलं नाही, मला तुझा राग आला. आता तोही धड येत नाही.

फोटो मागू नकोस. ये.

दामिनी


नंदनवन
२ मार्च

अश्विन,

गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे.

आईला पत्रांचं कळलं. सुशीलच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, तो आला तर त्याचे पेशंट खोळंबतील, त्याला येऊ नको म्हण. आणि लगेच विचारलं की पुण्याहून गाडी किती वाजता येते.

काल भिवापूरहून सातऱ्यावरच्या बाया आल्या होत्या. माझ्या दोन खोल्यांत बसायला जागा नाही, काही जिन्यात बसल्या. बोलायला त्रास होतो, लाळ येते, शब्द घसरतात, तरी आई बोलत होती. तुझ्याबद्दलच बोलत होती. तू दुसरीत असताना सातऱ्यावर मिरच्यांच्या पोत्यावर बसून पाढे म्हणायचास, मुकादम तुला मास्तर म्हणायचा, तेच सगळं. त्यांनी ते शंभरदा ऐकलं असेल. एकीनेही तिला थांबवलं नाही.

तुला यायला जमत नसेल तर निदान एवढं कर. बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मी सुशीलच्या फोनवरून तुला लावीन. तो नंबर तू बंद केलेला नाहीस, मला माहीत आहे. उचल. मी मध्ये बोलणार नाही, फोन तिच्या हातात देऊन वॉर्डाबाहेर जाईन. तुला काही बोलायचं सुचलं नाही तर बोलू नकोस. ती बोलेल. तू फक्त कानाला लाव.

हे पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे, आणि सुशील याचा फोटो काढून तुला मेसेजनेही पाठवतो आहे, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला जागा राहायची नाही.

ताई


नंदनवन
१६ मार्च

अश्विन,

तू आठ तारखेला, शनिवारी येऊन गेलास. पुण्याला नीट पोचलास, हे सुशीलकडून कळलं.

तू आलास ते बरं केलंस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला ते आठवेल. तू वॉर्डात आलास तेव्हा नळी, पट्ट्या आणि सुजलेला चेहरा बघून दारातच थांबलास. मग हात धुतलेस, हातमोजे घातलेस, आणि तिच्या ओठाच्या कडेला आलेली लाळ गॉजने इतक्या हलक्या हाताने टिपलीस की नर्सही बघत राहिली. आईने डोळे मिटून घेतले. त्या वेळी तू मला आवडलास. आपला अश्विन आहे असं वाटलं. तुझे डोळे वाहत होते आणि तू ते पुसत नव्हतास, कारण मोजे घातलेले हात कामात होते.

बुधवारी तू फोन उचलला नाहीस. तू मला दवाखान्याच्या फाटकाशी सांगितलंस की फोन समोर टेबलावर होता, वाजताना दिसत होता, आणि तुझा हात झाला नाही. तिचा आवाज शेवटचा म्हणून ऐकवणार नाही असं वाटलं. खरं असेल. तू बाबांच्या वेळीही असाच होतास.

इकडे काय झालं ते मात्र तुला माहीत असावं. आईने साडेपाचलाच केस विंचरून घेतले. फोनवर केस दिसत नाहीत हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी फोन लावून तिच्या हातात दिला आणि बाहेर गेले. पूर्ण वाजून बंद झाला. तिने मला हाक मारून पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मी लावायला गेले तर तिने माझा हात धरला. असू दे, म्हणाली, पेशंट असंल. मग मला पलंगावर बसवलं आणि तुझ्यासाठी निरोप सांगितला. त्यानंतर भूल देईपर्यंत ती फारसं बोलली नाही. तेव्हा तिचं मोठं बोलणं असं तेच शेवटचं.

फाटकाशी तू मला विचारलंस, “ताई, आई काही म्हणाली होती का?” आणि मी म्हटलं, ऐकायचं होतं तर उचलायचा होतास. मग मी पाठ फिरवून आत गेले. मी तो निरोप तुला कधीच सांगणार नव्हते. माझ्याजवळ तुला शिक्षा करायला तेवढंच होतं.

पण आई मला सोडत नाही. रोज सकाळी डोळे उघडले की ती आपल्या दातांवर बोट ठेवते. तिच्या खुणांच्या भाषेत तो तू आहेस. मग हात हलवून विचारते, सांगितलं का? मी मान हलवून नाही म्हणते. काल तिने माझा हात धरून ठेवला आणि सोडेचना. तिच्या घशातून आवाज येत होता. त्याचे शब्द होत नव्हते, पण ती काय म्हणते ते मला समजत होतं. ती मला विनवत होती. तिला तशी विनवताना मी आजवर कधी बघितली नव्हती. म्हणून लिहिते आहे.

बुधवारी तिने मला विचारलं होतं, हे आधी सापडलं असतं तर जीभ वाचली असती का. मी खोटं बोलले नाही. मी हो म्हटलं. मग तिने एकेक शब्द नीट जमवत सांगितलं, आणि माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. ते असं:

“त्याले सांगजो, मले काहीच दुखत नव्हतं. कधीच नाही. दुखत असतं तं मी त्यालेच दाखवलं असतं. पहिले त्यालेच.”

निरोप पोचला. तिचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही. सकाळी तिने विचारलं की मी हो म्हणेन, आणि ती निवांत झोपेल.

अश्विन, तिला तीन वर्षं दुखत होतं.

ताई